मगदुमांच्या गाडीचं तोंड

पेटीची शेवटची फळी निघाली, तसा आतून वाळक्या गवताचा वास आला. श्रेणिक मगदूम गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी गवत बाजूला सारायला लागला. आधी एक मडगार्ड दिसलं, मग दुसरं, मग बॉनेट, आणि सगळ्यांत खाली तेलकट कागदात गुंडाळलेली पुढची जाळी. रंग कशावरच नव्हता, नुसता काळपट अस्तराचा हात. पण काय ते पत्रे! मी सव्वीस वर्षांचा होतो, आठ वर्षं पत्रा ठोकत होतो, आणि असली गोलाई तोवर पाहिली नव्हती.

"आनंदा, हात लावून बघ," श्रेणिक म्हणाला. "छपन्न सालच्या गाडीचा अस्सल माल. इटलीत एका म्हाताऱ्याच्या गोदामात पडून होता."

मी हात फिरवला. वस्ताद माझ्या मागं उभे होते. त्यांनी हात लावला नाही.

त्र्याण्णव सालचा उन्हाळा होता. जयसिंगपुरात सांगली रस्त्याला वस्तादांचं, म्हणजे दस्तगीर शिकलगारांचं गॅरेज होतं, पत्रेकामाचं. आत वस्ताद, मी आणि एक रंगारी, एवढेच. मी सुताराचा पोरगा. बापाचं लाकूड सोडून लोखंडाकडं आलो म्हणून घरी दोन वर्षं कोणी धड बोलत नव्हतं. पण वस्तादांच्या हाताखाली काम शिकतोय म्हटल्यावर वडीलही गप्प झाले, कारण वस्तादांचं नाव मोठं होतं. आणि ते नाव झालं होतं मगदुमांच्या गाडीमुळं.

आण्णासाहेब मगदूम तंबाखूचे व्यापारी. त्यांची ती जुनी फियाट, पुढून तोंड डुकरासारखं दिसतं म्हणून लोक जिला डुक्कर फियाट म्हणायचे. बासष्ट साली हातकणंगल्याजवळ आडव्या आलेल्या बैलगाडीला चुकवताना ती बाभळीवर गेली आणि तोंडाचा चेंदामेंदा झाला. त्या काळी सुटे भाग मिळायचे नाहीत. वस्तादांनी सपाट पत्रा घेतला आणि हातोडी आणि ठोकळ्यावर अख्खं तोंड घडवलं. मुंबईहून आलेल्या लोकांनाही ते हातानं घडवलंय हे ओळखू यायचं नाही, असं गावात सांगायचे. मी कामाला लागलो त्या पहिल्या दिवशी मला चहावाल्यानं हीच गोष्ट सांगितली होती.

आण्णासाहेब वारून सहा वर्षं झाली होती. श्रेणिक त्यांचा एकुलता एक, मालवाहू जहाजावर इंजिनिअर. डिसेंबरात श्रवणबेळगोळला गोमटेश्वराचा महामस्तकाभिषेक होता. बारा वर्षांनी येणारा तो सोहळा, आणि आक्कांना, म्हणजे त्याच्या आईला, तिथं न्यायचं तर आण्णांच्याच गाडीतून, आणि गाडी पहिल्या दिवसासारखी करून, हे त्यानं मनात घेतलं होतं.

"वस्ताद, बोला आता," श्रेणिक उठून गुडघे झटकत म्हणाला. "मी आक्काला विचारलं. ती म्हणाली, ते तोंड वस्तादांनी केलंय, बदलायचं का नाही ते वस्तादांनाच विचार. तुम्ही म्हणाल तसं."

वस्तादांनी गळ्यातल्या रुमालानं मान पुसली. "हाय ते काय वाईट न्हाई, श्रेणिकबाबा. रंग काढून नवा देऊ. आणखी धा वर्षं बघायला नको."

"पण अस्सल ते अस्सल, वस्ताद."

"व्हय. अस्सल ते अस्सलच."

"मग?"

"बघू की. उद्या सांगतो."

मला त्यांचा राग आला. आत ज्या गाड्या येत त्या सगळ्या ठोकरलेल्या ॲम्बॅसडर, नाहीतर उसाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. हे असलं काम पहिल्यांदाच दारात आलं होतं. परदेशी पत्रा माझ्या हातानं गाडीवर चढला असता, सांगली-कोल्हापुरात नाव झालं असतं. आणि हा माणूस उद्या सांगतो म्हणतोय. मला वाटलं, म्हाताऱ्याला आपलं केलेलं निघणार याचं वाईट वाटतंय, आणि तेवढ्यासाठी तो सगळ्यांचा खोळंबा करतोय.

मी टेप घेतला. गाडी शेजारीच उभी होती. मी जुनं उजवं मडगार्ड दिव्यापासून दारापर्यंत मोजलं, मग नवं मोजलं. सारखं. मग डावं.

"वस्ताद," मी मोठ्यानं म्हणालो. ट्रॉलीसाठी थांबलेले दोन शेतकरीही ऐकत होते. "हे बघा. तुमचं डावं पाऊण इंचानं आखूड आहे."

"कसं काय?" श्रेणिकनं विचारलं.

मी त्याला टेप धरून दाखवला. दोनदा दाखवला. श्रेणिक हसला. मनात काही ठेवून नाही, सहज हसला. "म्हणजे एवढी वर्षं आम्ही वाकड्या तोंडाची गाडी मिरवतोय की!"

शेतकरीही हसले. मीही हसलो.

वस्तादांनी टेपकडं बघितलं नाही. गाडीच्या डाव्या मडगार्डकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बसवा नवं," एवढंच म्हणाले. नळावर हात धुतले, टोपी घातली आणि दुपारी तीन वाजताच घरी गेले. आठ वर्षांत ते असे कधी गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी स्वतःची समजूत घातली, की बरंच झालं, मध्ये मध्ये येणार नाहीत. जुनं तोंड उतरवलं. एकेक बोल्ट सोडवताना मनात मोजत होतो, आठ दिवसांत गाडी रंगाला देईन. बॉनेट, दोन्ही मडगार्ड आणि जाळी भिंतीला टेकवून ठेवली आणि नवं उजवं मडगार्ड चढवलं. लोण्यासारखं बसलं. सगळी भोकं समोरासमोर. मी एकटाच शीळ घालत होतो.

मग डावं चढवलं.

ते बसेना. मागं दाराशी जुळवलं तर पुढून जाळीच्या बाहेर यायचं. पुढं जुळवलं तर दारावर चढायचं. मी बोल्ट ढिले करून पाहिले, रबर काढून पाहिलं, लाकडी ठोकळ्यानं मारून पाहिलं. संध्याकाळपर्यंत झटलो. प्रत्येक वेळी राहायचं ते पाऊण इंच.

तेव्हा मला वडील आठवले. दाराची चौकट जोडली की ते सुतळी घ्यायचे आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी धरायचे, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही मापं सारखी आली तर चौकट काटकोनात. नाहीतर कुठंतरी दबलीय. मी नवे पत्रे उतरवले आणि सुतळी आणली. गाडीच्या तोंडाच्या आतल्या चौकटीत तिरकी धरली. उजवीकडून डावीकडं, मग डावीकडून उजवीकडं.

चौकट दबलेली होती.

या गाडीला खाली वेगळी चासी नसते. अंग हीच तिची चासी. ते अंगच डाव्या बाजूनं मागं सरकलं होतं. मी हातदिवा घेऊन आत वाकलो. डांबरासारखा काळा लेप होता, तो खरवडला. खाली सांधे दिसले. एक, दोन, पाच, सात. जिथं अंग फाटलं होतं तिथं जाड पट्टी आतून बसवून झाळलेली, आणि झाळ अशी की बोटाला कळू नये. चाकं जिथं जोडतात ती जागा मुद्दाम पुढं घेऊन नव्यानं बांधलेली, म्हणजे अंग वाकडं असलं तरी चाकं सरळ रेषेत. एकतीस वर्षांत एकाही सांध्याला केसाएवढी चीर नव्हती.

आणि मग ध्यानात आलं. वस्तादांचं माप चुकलं नव्हतं. वाकलेल्या अंगावर बसेल आणि बाहेरून कुणाला वाकडं दिसणार नाही, असं तोंड त्यांनी घडवलं होतं. सरळ गाडीला सरळ तोंड करणं सोपं. हे त्याहून फार अवघड होतं. आणि हा माणूस चारचौघांतलं हसू ऐकून गप्प राहिला होता.

मी तसाच काळ्या हातांनी त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात शेळीसमोर बसून पाला तोडत होते. चाचीनं, वस्तादांच्या बायकोनं, मला पाणी दिलं आणि माझ्या तोंडाकडं बघून आत निघून गेली.

"बसलं न्हाई न्हवं?" वस्ताद म्हणाले.

"तुम्ही बोलला का नाही?"

"काय बोलायचं?"

"गाडीचं अंग दबलंय म्हणून! मी सगळ्यांसमोर तुम्हाला..."

ते पाला तोडत राहिले. "बस," म्हणाले. मी बसलो.

"गाडी झाडावर गेली तवा आक्का डाव्या बाजूला पुढं बसलेल्या. मांडीवर श्रेणिक, सात महिन्यांचा. पोराला ओरखडा न्हाई, पण आक्कांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. त्या आण्णांना म्हणाल्या, गाडीचं तोंड मोडलं असंल तर दुरुस्त करा, पण कंबरडं मोडलं असंल तर इकून टाका. मोडक्या कंबरेच्या गाडीत मी माझं लेकरू घालणार न्हाई. आण्णांचा जीव त्या गाडीत. ते माझ्याकडं आले. म्हणाले, दस्तगीर, खरं काय ते मला सांग, पण तिला सांगू नको. मी म्हटलं, कंबरडं गेलंय, पण मी बांधून देतो, माझी जबाबदारी. मग आक्का सोता आल्या. गळ्यात हात बांधलेला. मला इचारलं, वस्ताद, नुसतं तोंडच गेलंय का? मी म्हटलं, व्हय, नुसतं तोंड."

शेळीनं त्यांच्या हातातली फांदी ओढली.

"आण्णा दरसाल दिवाळीआधी गाडी आणायचे का न्हाई, पॉलिशला?"

"हो."

"पॉलिश कसलं. मी खाली शिरून सांधं बघायचो."

मला आठवलं. आण्णासाहेब गेल्यावरही दर वर्षी वस्ताद स्वतः मगदुमांच्या बंगल्यावर जायचे, गाडी धुऊन देतो म्हणून. मी रंगाऱ्याला म्हणालो होतो, म्हाताऱ्याला मोठ्या घरची चाकरी सुटत नाही.

"आता काय करू?" मी विचारलं.

"नव्या मडगार्डचा पाऊण इंच काप. बसंल."

"ते कापू?"

"मग जुनं लाव. पण बोलायचं न्हाई. शब्द दिलाय. ज्याला दिला तो गेला म्हणून शब्द जात न्हाई."

रात्रभर विचार करून मी एक ठरवलं आणि सकाळी श्रेणिकला निरोप पाठवला. तो आला, आणि सोबत आक्काही आल्या. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. फिकट जांभळं लुगडं, डोक्यावर पदर, पायात साध्या चपला. तोंड नसलेली गाडी बघून त्या दारातच थांबल्या.

"नवं बसत नाही," मी म्हणालो. "माल वेगळ्या सालच्या गाडीचा निघाला. आणि... त्या दिवशी माप घेतलं तेही माझंच चुकलं होतं. जुनं बरोबर होतं. जुनंच लावून देतो."

श्रेणिकचा चेहरा बदलला. "चुकलं? तू दोनदा दाखवलंस मला! वस्तादांसारख्या माणसाला चार लोकांत हिणवलंस, आणि आता म्हणतोस तुला टेप धरता येत नाही? अरे, मी सात महिने या मालासाठी पत्रं लिहीत होतो!"

मी खाली बघत होतो. खोटं बोलायला मला जड गेलं नाही. पण ऐकून घ्यायला फार जड गेलं. वस्तादांनी त्या दिवशी काय गिळलं असेल ते मला तेव्हा कळलं.

"उत्तर दे की!"

"त्याला इचारू नगा, श्रेणिकबाबा."

वस्ताद दारात होते. शुक्रवारी घालायचे ते पांढरे कपडे घातलेले. चाचीनं नंतर सांगितलं, मी गेल्यावर ते जेवले नव्हते. पोरगा काहीतरी खोटं स्वतःवर घेणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

ते आक्कांसमोर येऊन उभे राहिले. "आक्का, माप पोराचं बरोबर हाय. माल बी बरोबर हाय. गाडीच वाकडी हाय. बासष्ट साली मी तुमाला खोटं सांगितलं. कंबरडं मोडलेलं."

श्रेणिकनं आईकडं बघितलं.

"माझं लेकरू मांडीवर होतं, वस्ताद," आक्का म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मला तो ऐकवेना. "मी तुम्हाला तोंडावर विचारलं होतं."

"व्हय."

"वाटेत मोडली असती तर?"

"मोडली नसती. म्हणून तर दरसाल बघत होतो."

"ह्यांना माहीत होतं?"

वस्तादांनी मान खाली घातली. आक्कांनी उत्तर घेतलं ते त्यातूनच.

मग त्या म्हणाल्या, "दाखवा मला."

मी हातदिवा धरला. बासष्ट वर्षांची ती बाई पदर खोचून गाडीच्या उघड्या तोंडात वाकली. वस्ताद एकेक सांधा दाखवत गेले, हा इथं फाटला होता, ही पट्टी आतून, इथं चाकाची जागा पुढं घेतली. आक्का प्रत्येक सांध्यावर बोट फिरवत होत्या. श्रेणिकही वाकला. त्यानं नखानं एक झाळ घासून पाहिली, दुसरी पाहिली आणि सरळ उभा राहिला. तो रोज जहाजावर असलंच काम करून घेत असे, त्याला सांगायची गरज नव्हती. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

आक्का ताठ झाल्या तेव्हा त्यांच्या बोटांना काळं लागलं होतं. त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "त्या दिवसापासून ह्यांनी मला डाव्या बाजूला कधी बसू दिलं नाही. पुढं नाही, मागंही नाही. म्हणायचे, त्या बाजूनं ऊन लागतं. सकाळी निघालो तरी ऊन, संध्याकाळी निघालो तरी ऊन. मी म्हणायची, अहो, ऊन काय एकाच बाजूला राहतं का? तर हसायचे."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही. गाडीला वळसा घातला, डावीकडचं पुढचं दार उघडलं आणि आत जाऊन बसल्या. समोर बॉनेट नाही, दिवे नाहीत, नुसतं उघडं इंजिन आणि पलीकडं सांगलीचा रस्ता. हात मांडीवर ठेवून त्या तशाच बसून राहिल्या. आम्ही तिघं बाहेर उभे. श्रेणिक एकदा पुढं झाला, तर वस्तादांनी त्याला हातानंच थांबवलं.

बऱ्याच वेळानं त्या उतरल्या. "श्रेणिक, तुझं ते इटलीचं राहू दे. चांगलं आहे, पण ते दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचं आहे." मग वस्तादांकडं वळल्या. "हेच लावा. आणि पुन्हा मला खोटं सांगायचं नाही."

"न्हाई सांगणार."

जुनं तोंड आम्ही दोघांनी मिळून चढवलं. मला माफ केलं असं वस्ताद कधी म्हणाले नाहीत. कामाला सुरुवात करताना एवढंच म्हणाले, "लेका, खोटं बोलायचं तर दुसरं काहीतरी बोलायचं होतंस. शिकलगारांच्या गॅरेजला माप घेता येत न्हाई, हे काय सांगायचं असतं का लोकांना?" आणि मग इतके हसले की त्यांना ठसका लागला.

इटलीचे पत्रे दोन वर्षं आमच्या माळ्यावर होते. पुढं श्रेणिकनंच ते पुण्याच्या एका शौकिनाला देऊन टाकले. त्याच्या गाडीवर ते छान बसले म्हणे. मी बघायला गेलो नाही.

डिसेंबरात गाडी निघाली त्या सकाळी मी मगदुमांच्या बंगल्यावर होतो. हवा, पाणी, तेल बघायला म्हणून वस्तादही आलेले. श्रेणिक गाडी चालवणार होता, आक्का पुढं डाव्या बाजूला बसल्या. वस्ताद बॉनेटवर फडकं मारून मागं सरले.

"तुम्ही कुठं चाललात?" आक्कांनी काच खाली करून विचारलं.

"घरी."

"एवढ्या लांबच्या रस्त्याला गाडी निघालीय, आणि तुम्ही घरी? बसा मागं."

"आक्का, मी कशाला? तुमच्या देवाचं काम हे..."

"देवाचं काम मी बघते. गाडीचं तुम्ही बघा. बसा."

वस्तादांनी माझ्याकडं बघितलं. गॅरेज कोण बघणार, असं त्यांना विचारायचं असावं. मी मान हलवली. त्यांनी चपला झटकल्या, दार उघडलं आणि आत बसले, अंग चोरून, सीटला पाठ न टेकता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की एकतीस वर्षं ज्या गाडीखाली हा माणूस शिरत होता, त्या गाडीत तो एकदाही बसला नव्हता.

श्रेणिकनं गिअर टाकला. गाडी फाटकातून बाहेर पडली, रस्त्यावरच्या खड्ड्यात एकदा खाली-वर झाली. मी खिडकीजवळून चालत होतो. वस्तादांनी डोळे मिटून घेतले होते, मान किंचित डावीकडं कललेली, ओठ घट्ट. मला वाटलं, दुवा मागतायत.

मग कळलं, ते ऐकत होते.